चार मीटर खादीची दोरी

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. त्याआधीच्या आठवड्यात अमळनेरातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अशाच गर्दीत आमच्या गल्लीतल्या एक वहिनी पिशवी छातीशी धरून आल्या.

"ताई, देखा ना, हाई काय व्हयनं!"

पिशवीतून कापड नव्हे, पीळ बसलेली दोरीच निघाली. मायलेकींना कानबाईच्या सणाला घालायला वहिनींच्या वडिलांनी घेऊन दिलेली चार मीटर खादी. दोन्ही टोकांना मूठ-मूठ सुताचा गुंता. "खादी आटते, आधी पाण्यातून काढून घ्या," असं मीच सांगितलं होतं. कसं काढायचं, ते सांगितलं नव्हतं. त्यांनी ती टॉवेल आणि जीन्ससोबत मशीनमध्ये टाकली. चूक माझी होती आणि मी ती तिथल्या तिथे कबूल केली. वहिनींचे डोळे भरून आले होते. वडिलांना काय सांगायचं, एवढाच त्यांचा घोर.

असा गुंता ओढायचा नसतो. एक दशी ओढली की तिच्यामागे कापडाला चुण्या पडत जातात. मी कापड टेबलावर पसरलं आणि दोरे कापायच्या छोट्या कात्रीने गाठीगाठीने गुंता मोकळा केला. अर्धा तास गेला. मग जिथून वीण शाबूत होती तिथला एक आडवा धागा हळूच धरला आणि या किनारीपासून त्या किनारीपर्यंत काढून घेतला. कापडात सरळ, बारीक वाट पडली. त्या वाटेवरून कात्री चालवली.

इस्त्री करून टेप लावला तर 3 मीटर 68 सेंटीमीटर. 18 सेंटीमीटर कापड आटलं होतं, ते कधी ना कधी आटणारच होतं. पण दोन्ही टोकांचे मिळून 14 सेंटीमीटर दशा होऊन निघून गेले, ते हकनाक.

पन्ह्याच्या, म्हणजे कापडाच्या रुंदीच्या, दोन्ही कडांना मात्र एक धागाही सुटला नव्हता. माझे सासरे इथल्या प्रताप कापड मिलमध्ये साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते, त्यांनी मला हे फार पूर्वी समजावलं होतं. धोट्यातला आडवा धागा किनारीपाशी जाऊन परत उलटा वळतो, म्हणून तिथे सुटं टोक नसतंच. कात्री लागते तिथे मात्र शेवटच्या आडव्या धाग्याला अडवायला काही उरत नाही. पाण्यात घुसळलं की तो घसरतो, मग त्याच्या आतला, मग त्याच्याही आतला. खादीची वीण मोकळी, त्यामुळे तिथे हे लवकर होतं.

अस्तराचं दोन मीटर सुती कापड अजून कोरंच होतं. "हे इथेच पाण्यातून काढू, तुम्ही बघा," म्हटलं. तेवढ्यात लाइट गेली, म्हणजे कड बांधणारी झिगझॅग आणि इंटरलॉक ही दोन्ही मशीनं बंद. पायमशीन होतं. कापलेली दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून एक सेंटीमीटर आत मोठ्या टाक्याची टीप मारली, कड दुमडून वरून दुसरी टीप. कापडाचं मोठं कडं तयार झालं. बादलीत अर्धा तास बुडवलं, दाबून पाणी काढलं, पिळलं नाही. दोरीवर वाळलं तेव्हा टीप उसवली. आत एक दशी सुटली नव्हती. वहिनींनी कडेवरून दोनदा बोट फिरवून पाहिलं.

लाइट असती तर मी नुसतं झिगझॅग मारलं असतं. मशीनमध्येच धुवायचं असेल तर त्याच्या जोडीला चारही कोपरे तिरके कापावेत, कारण सूत आधी कोपऱ्यातून सुटतं, आणि कापड जाळीच्या पिशवीत घालावं. नागमोडी कड कापणारी कात्री पॉपलिनसारख्या घट्ट विणीला चालते. खादीला मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही.

वहिनींचा कुर्ता पुरला, फ्रॉकचा घेर दोन बोटं उंचीला कमी पडला. माझ्याकडच्या हिरव्या खणाची पट्टी खाली जोडली. सोमवारी कानबाईला नदीवर नेताना ती पोर ढोलामागे नाचत होती, आणि गर्दीत मला सगळ्यात आधी दिसली ती तिच्या फ्रॉकची हिरवी पट्टी.