पाटी कर्कवृत्ताची, पण रेषा कुठल्या वर्षाची?

पुण्याहून सांचीला किंवा कच्छच्या रणाला जाऊन आलेली मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. भोपाळहून सांची-विदिशेकडे जाताना रस्त्याकडेला कर्कवृत्ताची खूण आहे, आणि भुजहून खावड्याकडे जातानाही तशी पाटी लागते. गाडी थांबते, फोटो होतात. मग कुणीतरी मोबाइल काढून अक्षांश बघतं आणि तो शाळेत पाठ केलेल्या आकड्याशी जुळत नाही. पाच-सात वर्षांनी पुन्हा त्याच रस्त्याने गेलेल्यांचा प्रश्न जरा पुढचा असतो. कर्कवृत्त दर वर्षी दक्षिणेला सरकतं म्हणतात, मग पाटी एव्हाना चुकली असेल ना? आणि दर खेपेला तिथे जाऊन नक्की काय मोजायचं? तुम्ही विचारलंत म्हणून हे सविस्तर.

आधी आकड्यांचा घोळ निस्तरू, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात २३°३०′ किंवा साडेतेवीस अंश हा आकडा बसलेला आहे. तो लक्षात राहावा म्हणून केलेला पूर्णांक आहे. खरा आकडा २३°२६′ च्या जरासा पुढे, म्हणजे साडेतेवीसच्या सुमारे सात किलोमीटर दक्षिणेला. दुसरी चूक यापेक्षा मोठी: २३ अंश २६ मिनिटं हे मोबाइलवर २३.२६ असं शोधायचं. अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नव्हे. २३.२६ वर तुम्हाला कर्कवृत्त मिळणार नाही, थेट भोपाळ शहर मिळेल. नकाशाच्या अ‍ॅपवर आकडा दशांशात येत असेल तर दशांशानंतरच्या भागाला ६० ने गुणा: २३.४३५९ मधले ०.४३५९ गुणिले ६० म्हणजे २६.१५४ मिनिटं, उरलेल्या ०.१५४ ला पुन्हा ६० ने गुणलं की ९.२ सेकंद. झालं २३°२६′९.२″. या अक्षांशावर उत्तर-दक्षिण दिशेने एक सेकंद म्हणजे जमिनीवर ३०.८ मीटर, आणि दशांशाचं चौथं स्थळ म्हणजे ११ मीटर. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे सारखे लागतात.

आता रेषा. कर्कवृत्त ही जमिनीवर आखलेली गोष्ट नाही. सूर्य उत्तरेला जास्तीत जास्त जिथवर डोक्यावर येतो तो अक्षांश म्हणजे कर्कवृत्त, आणि तो पृथ्वीच्या आसाच्या कलाइतका असतो. जुन्या ज्योतिषग्रंथांत याला परमक्रांती म्हणतात आणि ती २४° धरलेली असते. हा कल स्थिर नाही. इतर ग्रहांच्या ओढीने पृथ्वीच्या कक्षेचं प्रतलच हळूहळू वळतं, म्हणून सध्या कल वर्षाला साधारण ०.४७ सेकंदाने कमी होतो आहे. जमिनीवर ते वर्षाला सुमारे साडेचौदा मीटर, दिवसाला चार सेंटिमीटर. २००० सालाच्या सुरुवातीला सरासरी कल २३°२६′२१.४″ होता, २०२६ च्या सुरुवातीला तो २३°२६′९.२″ आहे. म्हणजे सव्वीस वर्षांत पावणेचारशे मीटर दक्षिणेला. ‘सरकतं म्हणतात’ ते हे, आणि इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं.

पण हा सरासरी कल आहे. त्याच्यावर चंद्राची एक डुलकी स्वार झालेली असते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला पाचेक अंशांनी तिरकी आहे, आणि या दोन कक्षा एकमेकींना छेदतात ते बिंदू, म्हणजे आपले राहू-केतू, १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. त्यांच्याबरोबर पृथ्वीचा आसही डोलतो. कल सरासरीच्या ९.२ सेकंद वर आणि ९.२ सेकंद खाली जातो. जेम्स ब्रॅडली या इंग्रज खगोलज्ञाने हे डोलणं १७४८ मध्ये जाहीर केलं. ९.२ सेकंद म्हणजे जमिनीवर २८३ मीटर. वर्षाच्या साडेचौदा मीटरांपुढे हा आकडा दांडगा आहे, आणि रस्त्याकडेच्या पाटीचा हिशेब इथेच उलटतो.

राहू मेषसंपातापाशी, म्हणजे मार्चमधल्या विषुवदिनी सूर्य आकाशात जिथे असतो त्या बिंदूपाशी असतो तेव्हा कल सर्वांत जास्त. तसं २००६ मध्ये झालं आणि मग २०२५ च्या सुरुवातीला. मधे २०१५ च्या अखेरीस राहू बरोबर समोरच्या बाजूला होता, म्हणजे कल सर्वांत कमी. आता बेरीज-वजाबाकी करून बघा. २०१५ च्या अखेरीस सरासरी कल २३°२६′१४″ होता, त्यातून ९.२″ वजा, म्हणजे सुमारे २३°२६′५″. २०२५ च्या सुरुवातीला सरासरी ९.७″, त्यात ९.२″ मिळवले की सुमारे २३°२६′१९″. चौदा सेकंदांचा फरक, आणि तोही उत्तरेकडे. २०१५ मध्ये पाटीपाशी फोटो काढून २०२५ मध्ये जे पुन्हा गेले, त्यांच्या दोन फोटोंच्या मधल्या काळात खरं कर्कवृत्त दक्षिणेला गेलंच नाही. ते सव्वाचारशे मीटरहून जास्त उत्तरेला आलं. मला या विषयात सगळ्यांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे. आणि २०२५ पासून उलटा प्रवास सुरू झाला आहे. आता डोलणं आणि सरासरी सरकणं दोन्ही एकाच दिशेला असल्यामुळे २०३४ पर्यंत रेषा सुमारे सातशे मीटर दक्षिणेला जाईल. त्यातही २०२९-३० च्या सुमारास वेग वर्षाला शंभर मीटरांच्या वर असेल.

म्हणून पाटी चुकली का या प्रश्नाला माझं उत्तर असतं: कुठल्या वर्षाची आणि कुठली रेषा, सरासरी की डोलणं धरून येणारी खरी, हे आधी ठरवा. मेक्सिकोत सिउदाद व्हिक्टोरियाजवळ महामार्ग ८३ वर २००५ ते २०१० या प्रत्येक वर्षाची वेगळी खूण रस्त्याकडेला लावलेली आहे, आणि खुणांची ती रांग रेषेचं सरकणं दाखवते. आपल्याकडच्या पाट्यांवर वर्ष नसतं. मला वाटतं, नुसतं वर्ष आणि सेकंदांपर्यंतचा अक्षांश लिहिला तरी पाटी कायमची बरोबर राहील. वर्ष नसलेली पाटी शे-पाचशे मीटर इकडेतिकडे असली तर तिला चूक म्हणू नये. शिवाय पाटी कशावरून बसवली हेही बघावं लागतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरचे, म्हणजे तपशीलवार नकाशांवरचे, अक्षांश एव्हरेस्ट गोलाभ या पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रारूपावर बेतलेले आहेत आणि मोबाइल डब्ल्यूजीएस ८४ हे जीपीएसचं प्रारूप वापरतो. दोघांनी एकाच खांबाला दिलेला अक्षांश वेगळा येतो, आणि तो फरक वर्षाच्या सरकण्याहून मोठा असू शकतो. आणि हो, पाटीखालची जमीनसुद्धा भारतीय भूपट्टाबरोबर वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे जाते. फोनला ते कळणार नाही, पण पाटी तरी जागेवर आहे असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मोबाइलवर विश्वास किती ठेवायचा, हे पाटीपाशी जाण्याआधी पुण्यातच तपासता येतं. जीपीओजवळचा शून्य मैलाचा दगड त्यासाठी फार चांगला. तो हलत नाही. त्याच्या शेजारी फोन ठेवून वेगवेगळ्या पाच दिवशी अक्षांश लिहा, दर वेळी दहा मिनिटं थांबून. पाच आकड्यांत जो फरक दिसेल तो तुमच्या फोनचा. उघड्या आकाशाखाली तीन ते पाच मीटर ठीक समजा. झाडं आणि इमारती असल्या की सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि तोच फोन पंधरा-वीस मीटर चुकतो. एवढ्या चुकीत एका वर्षाचं सरासरी सरकणं बुडून जातं. आणि एक मूळ गोष्ट: जीपीएस फक्त पाटी कुठे आहे ते सांगतं, रेषा कुठे आहे ते गणिताने काढावं लागतं. फोन घेऊन ‘सरकणं मोजलं’ असं कुणी म्हणालं तर त्याने दोन वेळा पाटी मोजली, एवढंच.

सावलीने रेषा सापडेल का, हा पुढचा प्रश्न. २१ जूनला पाटीपाशी मध्यान्ही काठीची सावली नाहीशी होते हे खरं. भोपाळ-सांची रस्त्यावर ही वेळ १२:२१ च्या आसपास येते, भुजपाशी १२:५३ च्या, ढग नसतील तर. पण सावलीवरून रेषेची जागा ठरवता येत नाही. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. एक मीटरच्या काठीच्या सावलीची कड त्यामुळे नऊ मिलिमीटर अंधुक असते. दहा वर्षांतल्या त्या चौदा सेकंदांनी सावलीत पडणारा फरक ०.०७ मिलिमीटर. उज्जैनच्या जिवाजी वेधशाळेत २१ जूनला शून्य सावली बघायला गर्दी होते. उज्जैन २३°११′ वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या जवळजवळ २८ किलोमीटर दक्षिणेला आहे. तिथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो १२ जून आणि ३० जूनच्या आसपास. तरीही २१ जूनला मीटरभर काठीची सावली साडेचार मिलिमीटरच असते आणि ती त्या अंधुक कडेत विरून जाते. बघणाऱ्यांची फसवणूक होत नाही, डोळ्यांना तेवढंच दिसू शकतं. त्यात जूनच्या त्या दिवसांत सूर्य उत्तर-दक्षिण जवळजवळ थांबलेला असतो; २१ तारखेच्या तीन दिवस आधी किंवा नंतर फरक अंशाच्या फक्त दोन मिनिटांचा.

पुण्यात मात्र हेच प्रकरण छान पकडता येतं, कारण आपल्या १८°३१′ वरून सूर्य वेगाने जातो. १३-१४ मेच्या सुमारास तो डोक्यावर येतो, दुपारी १२:३१ ला. परतीचा दिवस ३० जुलैच्या आसपास, १२:४१ ला, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेलं असतं. भारतीय प्रमाणवेळ ८२°३०′ रेखांशाची आणि पुणे ७३°५१′ वर, म्हणून आपली मध्यान्ह साडेचौतीस मिनिटं उशिरा. त्यात ऋतुमानाप्रमाणे काही मिनिटांची भर-घट.

काठीऐवजी दोन इंची पीव्हीसी पाइपचा एक मीटरचा सरळ तुकडा घ्या. गच्चीवर विटांचे तीन तुकडे ठेवून त्यांवर तो उभा करा, खाली चार बोटं जागा राहू द्या आणि तिथे पांढरा कागद सरकवा. पाइप ओळंब्याने दोन्ही बाजूंनी तपासा, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. चुकतं ते इथेच: पाइप एक अंश कलला की चार दिवसांची चूक होते. नेमक्या वेळी कागदावर उजेडाचा पूर्ण गोल पडतो, मधे भरीव पांढरा आणि कडेला नऊ मिलिमीटरांची धूसर झालर. मिनिटाला चार मिलिमीटर या वेगाने तो पश्चिमेकडून पूर्वेला सरकतो आणि पाइपच्या कडेने कापला जाऊ लागतो. आदल्या दिवशी मध्यान्ही हा गोल चार मिलिमीटर उत्तरेला असतो, दुसऱ्या दिवशी दक्षिणेला. ११ ते १६ मे रोज कागदावर पेन्सिलीने कड आखा, तारीख घाला. त्या सहा रेषांवरून आपला अक्षांश निघतो.

डिसेंबरात रणात जाणाऱ्यांसाठीही एक काम आहे. २२ डिसेंबरच्या आसपास पाटीपाशी १२:५० ला मीटरभर काठीची सावली १०६.७ सेंटिमीटर असते. त्याच दिवशी पुण्यात मध्यान्हीची ९० सेंटिमीटर. सावलीच्या टोकापाशी धूसर पट्टा दिसेल, त्याच्या मधोमध मोजा. एक सेंटिमीटरची चूक झाली तर अक्षांश पाव अंशाहून जरा जास्त, म्हणजे तीसेक किलोमीटरने हलतो. तेव्हा हे मुलांना तत्त्व दाखवायला चांगलं, रेषा शोधायला नाही.

पाटीपाशी दर खेपेला काय नोंदवायचं, ते आता. पहिली नोंद पाटी हलली का याची. रस्ता रुंद होतो, पाटी रंगवली जाते, काढून पुन्हा रोवली जाते, आणि मग जुन्या-नव्या फोटोंची तुलना निरर्थक ठरते. म्हणून जवळची मोरी आणि किलोमीटरचा दगड, अशा दोन पक्क्या वस्तूंपासून पाटीच्या खांबाचं अंतर तीस मीटरच्या टेपने घ्या. दोन घ्या, कारण किलोमीटरचे दगडही बदलतात. फोन खांबाच्या पायथ्याशी, गाडीपासून चार-पाच मीटर दूर ठेवा; गाडीच्या पत्र्यावर ठेवू नका. दहा मिनिटांनी अक्षांश, रेखांश, अ‍ॅप दाखवतं ती अचूकता, तारीख आणि वेळ लिहा. अक्षांश दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत. फोटो एकाच ठिकाणाहून, झूम न करता, फोन दीड मीटर उंचीवर धरून. एक पाटीकडे तोंड करून आणि एक पाठ करून, म्हणजे मागची टेकडी किंवा विजेचे खांब पुढच्या वेळी ओळखायला मिळतात. गाडी डांबरी रस्त्यावर उभी करू नका. दोन्ही ठिकाणी वाहनं जोरात येतात.

घरी आल्यावर त्या वर्षाचा सरासरी कल आणि खरा कल अशा दोन ओळी पाटीच्या अक्षांशाशेजारी लिहा, आणि फरक सेकंदांत काढून ३०.८ ने गुणा. २०२६ मध्ये एक नोंद झाली तर पुढची २०३० ला आणि त्यानंतरची २०३४ ला घ्या. तेवढ्यात खरी रेषा साडेसहाशे मीटरांच्या आसपास दक्षिणेला गेलेली असेल, आणि त्यानंतर ती पुन्हा उत्तरेकडे वळेल.