टाळ आधी, आवाज मागून: चाळीच्या टेपा डिस्कवर आणताना

मंडळी, चाळीच्या टेपांचं काम कॅप्चरच्या (टेप कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याच्या) टप्प्यातून बाहेर पडलंय आणि आता खरी डोकेदुखी सुरू झालीय, ती म्हणजे डिस्क. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणेशोत्सवाचं रेकॉर्डिंग आहे. नव्वदच्या दशकातल्या व्हीएचएस, मग फोटो स्टुडिओवाल्याकडून आलेल्या व्हीसीडी, शेवटी मिनीडीव्ही. त्यातून घरोघरी द्यायला डीव्हीडी आणि भजनी मंडळासाठी ऑडिओ सीडी करायची आहे. पेनड्राइव्ह का नाही, हे कृपया विचारू नका. ज्यांच्यासाठी हा खटाटोप चाललाय त्यांच्या टीव्हीखाली डीव्हीडी प्लेयर आहे आणि त्याचा रिमोट त्यांना अंधारातही चालवता येतो. विषय संपला.

मिनीडीव्हीवरून केलेली पहिली चाचणी डिस्क मंडळातल्या एका आजोबांकडे दिली. त्यांचा निरोप आला, "चित्र झकास आहे गं, पण आमचे टाळ आधी आपटतात आणि आवाज मागून चालत येतो." बघितलं तर सुरुवातीची आरती चोख, आणि तासाभराची टेप संपेपर्यंत आवाज जवळजवळ अर्धा सेकंद मागे.

असं काही झालं की आपल्यातले निम्मे लोक एन्कोडर (व्हिडिओ दाबून डिस्कच्या साच्यात बसवणारा प्रोग्राम) बदलायला धावतात. माझं मत असं की एन्कोडरला हात लावायच्या आधी आवाज वेगळा काढावा आणि तो चित्राशी मोजून बघावा. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच आहे, की वाढत जातोय? वाढत असेल तर एकसारखा वाढतोय, की मध्येच टप्प्याटप्प्याने उडी मारतोय? या तिन्हींची कारणं वेगळी, इलाजही वेगळे. हे ठरवल्याशिवाय केलेलं री-एन्कोडिंग म्हणजे विजेचं बिल वाढवणं.

मोजायला टाळाइतकी चांगली गोष्ट नाही. एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रामने व्हिडिओ वगळून नुसता आवाज वेव्ह (न दाबलेल्या आवाजाच्या) फाइलमध्ये काढला आणि ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये उघडला. एमपी३ मुद्दाम टाळलं, कारण त्यात सुरुवातीलाच एन्कोडरने घातलेली थोडी शांततेची भरती असते आणि आपण तर मिलिसेकंद मोजायला बसलोय. टाळाचा ठोका वेव्हफॉर्ममध्ये सरळ उभा राहतो, आधी सपाट आणि मग एकदम काटा. चित्र फ्रेमफ्रेमने पुढे सरकवलं तर एका फ्रेममध्ये दोन टाळांत बोटभर फट दिसते, पुढच्या फ्रेममध्ये कड कडेला भिडलेली असते आणि त्यापुढच्या फ्रेममध्ये पितळ थरथरून धूसर होतं. पॅलमध्ये (आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत) सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंद. एवढ्या बारकाईने मोजता येतं. टाळ्या चालतात, नारळ फोडतानाचा आवाजही चालतो. ढोल मात्र नको, त्याचा नेमका क्षण पकडता येत नाही.

इथे एक गंमत. विसर्जनाची मिरवणूक तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून घेतलीय आणि त्यात ताशाचा आवाज एक फ्रेम मागे येतोय. तो दोष नाही! आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ४० मिलिसेकंदांत १४ मीटरच्या आसपास. पथक रस्त्याच्या पलीकडे, कॅमेरा वर. तो फरक तसाच ठेवलाय.

आता त्या अर्ध्या सेकंदाचं. पंधरा मिनिटांवर ३ फ्रेम, तिसाव्या मिनिटाला ६, तासाला १२. अगदी सरळ रेषेत वाढ. म्हणजे फ्रेम गळालेल्या नाहीत, घड्याळ वेगळं आहे. घरगुती मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत आवाजाचं घड्याळ चित्राच्या घड्याळाला घट्ट बांधलेलं नसतं, 'अनलॉक्ड ऑडिओ' म्हणतात तो हाच प्रकार. ही टेप १२ बिट मोडमध्ये घेतलेली, म्हणजे आवाज ३२ किलोहर्ट्झ असं फाइल सांगते. पण ३६०० सेकंदांच्या चित्राबरोबर आवाजाचे नमुने (सेकंदाला हजारो वेळा घेतलेली मापं) निघाले ११,५२,१५,३६०. भागाकार करा, सेकंदाला ३२,००४ आणि थोडे वर. फाइलवर विश्वास ठेवून ते ३२,०००च्या वेगाने वाजवले की आवाज तासाला ४८० मिलिसेकंद लांबतो, आणि आजोबांचे टाळ मागे पडतात.

इलाज अगदी साधा. कच्च्या आवाजाचा दर ३२,००४ आहे असं एफएफएमपेगला सांगायचं आणि त्यातूनच थेट ४८ किलोहर्ट्झला रिसॅम्पल करायचं, म्हणजे नमुन्यांचा दर बदलून घ्यायचा. नाहीतरी डीव्हीडीला ३२ चालतच नाही, ४८ लागतं. तेव्हा एका दगडात दोन पक्षी. सुरात पडणारा फरक इतका नगण्य की पेटीवाल्यालाही कळणार नाही. टेम्पो बदलणारा फिल्टर या कामाला वापरू नका, तो आवाजाचे तुकडे करून जोडतो आणि टाळाचा काटा बोथट करतो.

१२ बिटच्या टेपांत आणखी एक खोच आहे. त्यात आवाजाच्या दोन स्टीरिओ जोड्या असू शकतात, दुसरी नंतर डबिंग करायला राखलेली आणि बहुतेक वेळा रिकामी. एका टेपमधून काढलेला आवाज पूर्ण मुका निघाला, कारण प्रोग्रामने नेमकी ती दुसरी जोडी उचलली होती. कोणता प्रवाह हवा ते स्वतः निवडून सांगितलं की झालं. टेप खराब झाली असं ठरवण्याआधी हे तपासा.

व्हीएचएसची तऱ्हा निराळी. तिथे फरक सरळ रेषेत वाढत नाही. वीस मिनिटं सगळं जागेवर, मग टेपवर चुणी आली की एकदम उडी, पुन्हा बराच वेळ ठीक, पुन्हा उडी. व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडणारा स्वस्तातला यूएसबी डोंगल सिग्नल डळमळला की फ्रेम गाळतो आणि आवाज मात्र चालूच राहतो. चित्र आखूड, आवाज लांब. अशा फाइलचा आवाज एकसारखा ताणून किंवा दाबून काही साधत नाही, शेवट जुळवला तर मधला भाग बिघडतो.

खरा इलाज टाइम बेस करेक्टर (डळमळता सिग्नल सरळ करणारं यंत्र), पण त्याची किंमत बघून मी परत फिरले. त्याऐवजी मिनीडीव्ही कॅमेराच मध्ये घातला. ज्या कॅमेऱ्यांत ॲनालॉग इन आहे ते व्हीसीआरचा सिग्नल घेऊन तिथल्या तिथे डीव्ही (मिनीडीव्हीचाच डिजिटल व्हिडिओ) करून फायरवायर या केबलवर सोडतात. पूर्ण करेक्टरची सर नाही, पण सिग्नल वाकडातिकडा झाला तरी कॅमेरा २५ फ्रेमचा ठेका सोडत नाही आणि आवाज-चित्र एकाच केबलमधून एकत्र येतात. फायरवायरचं कार्ड लॅमिंग्टन रोडला जुन्या मालात मिळालं. दुकानदाराने आधी "हे आता कोण घेतं?" म्हणत माझ्याकडे बघितलं आणि मग भाव मात्र दुर्मिळ वस्तूचा लावला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं कार्ड बघून घ्या, त्याचा त्रास कमी. डिस्कवर जागा मोकळी ठेवा, डीव्हीचा एक तास म्हणजे साधारण १३ जीबी.

घुमणाऱ्या आवाजाबद्दल काहींनी विचारलं होतं. ५० हर्ट्झची घुंऽऽ टेपमध्येच आहे की आपल्या जोडणीत, हे ओळखायला टेप थांबवून व्हीसीआर नुसता चालू ठेवा. तरीही घुं येत असेल तर ती आपली. माझ्याकडे लॅपटॉपचा चार्जर काढला आणि आवाज गप्प. जी उरली ती मांडवातल्या ॲम्प्लिफायरची, आणि ती मी पूर्ण काढणार नाही. थोडी कमी केली की पुरे, नाहीतर निवेदकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

चित्राकडे वळू. लेझीमच्या दृश्यात हात पुढे जाताना मध्येच मागे येऊन परत पुढे जायचे. हा फील्ड ऑर्डरचा घोळ. एका फ्रेममध्ये एकाआड एक रेषांची दोन फील्ड असतात, त्यातलं आधी कोणतं दाखवायचं याचा. डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं. बरीच कॅप्चर कार्डं वरचं आधी धरतात. डीव्हीडीला दोन्ही चालतात, फक्त फाइलवरची खूण खरी हवी. कॉम्प्युटरवर प्लेयर डीइंटरलेस करून (रेषांची फील्ड पूर्ण चित्रात बदलून) दाखवतो, त्यामुळे कधीकधी लक्षातच येत नाही, टीव्हीवर मात्र लेझीम झटके खाते. ओळखायचं असेल तर फील्ड सुटी करून एकेक पुढे सरकवा. हात सलग पुढे गेला तर क्रम बरोबर. आणि वरून क्रॉप करताना विषम संख्येने रेषा कापू नका, एक रेष कापली तरी फील्डचा क्रम उलटतो. डीइंटरलेस करून डीव्हीडीवर टाकायचा सल्लाही मिळाला होता, मला तो पटत नाही. ५० फील्डमधली हालचाल हीच त्या मिरवणुकीची जान आहे, ती २५ वर कशाला आणायची?

बिटरेटचं (सेकंदाला किती डेटा खर्चायचा त्याचं) गणित सगळ्यांना माहीत आहे, तरी एकदा मांडते. ४.७ जीबीची डिस्क म्हणजे ४७० कोटी बाइट, कॉम्प्युटर ते ४.३७ दाखवतो. दोन तास भरायचे तर सगळं मिळून सेकंदाला साधारण ५,२०० किलोबिट, त्यातून आवाज आणि बांधणीचा खर्च वजा केला की चित्राला ४,८०० च्या आसपास उरतात. व्हीएचएसच्या मुंग्या हे सगळं खाऊन टाकतात. म्हणून व्हीएचएससाठी मी ७२० बाय ५७६ सोडून ३५२ बाय ५७६ घेतलं. तो आकार डीव्हीडीच्या नियमात बसतो, आणि व्हीएचएसच्या आडव्या बारकाव्याला त्याहून जास्त लागत नाही. तेवढ्याच बिटांत चौकोनी ठोकळे जवळजवळ गेले. तळाशी हेड स्विचिंगचा जो फाटका पट्टा येतो तो कापला नाही, काळा रंगवला. काळ्याला बिट लागत नाहीत आणि आकारही बदलत नाही.

एफएफएमपेगचा 'पॅल डीव्हीडी' हा तयार पर्याय बराचसा भार उचलतो: जीओपी (एका पूर्ण चित्रापासून पुढच्या पूर्ण चित्रापर्यंतचा गट) १५ फ्रेमचा, आवाज एसी३ (डीव्हीडीवरचा दाबलेला आवाज) आणि ४८ किलोहर्ट्झ, बिटरेटची कमाल ९,००० किलोबिट. पण जुन्या प्लेयरसाठी कमाल मी ८,००० वर आणली. नियम ९,८०० पर्यंत परवानगी देतो हे खरं, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुनी लेन्स तिथे धापा टाकते. पुढे डीव्हीडीऑथर, म्हणजे फाइलींची डीव्हीडी बांधणारा प्रोग्राम. त्याला पॅल की एनटीएससी (अमेरिकेकडची टीव्ही पद्धत) हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर तो अडून बसतो. त्याच कामाचा डीव्हीडीस्टायलर वापरणाऱ्यांनी व्हिडिओला 'कॉपी' निवडायला विसरू नये, नाहीतर छान केलेली एमपेग२ (डीव्हीडीच्या व्हिडिओची) फाइल तो पुन्हा एन्कोड करत बसतो. आणि हँडब्रेक डीव्हीडी बनवत नाही, बाबांनो. तो डीव्हीडी वाचतो, बाहेर एमपी४ वगैरे देतो.

व्हीसीडीचं काम सर्वांत कमी वेळात झालं. त्यातलं चित्र एमपेग१, ३५२ बाय २८८, आणि डीव्हीडीला ते जसंच्या तसं चालतं! आवाज तेवढा ४४.१ किलोहर्ट्झचा, तो ४८ ला नेला, चित्राला हातही लावला नाही. लिनक्सवर व्हीसीडीतली व्हिडिओची डॅट फाइल सरळ कॉपी करताना एरर येतो, कारण व्हीसीडीचे चित्राचे सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे तुकडे) डेटा सीडीपेक्षा वेगळे, २,३२४ बाइटचे असतात. तिथे व्हीसीडीइमेजर या संचातला व्हीसीडीएक्सरिप हा प्रोग्राम वापरा. या सेक्टरांना डेटा सीडीसारखं चुकांवरचं जादा कवच नसतं, म्हणून ओरखडे असलेली डिस्क संथ गतीने, आणि जमल्यास दोन वेगळ्या ड्राइव्हमध्ये वाचून बघा.

ऑडिओ सीडीसाठी डीव्हीडीतून आवाज काढू नका. तो एकदा एसी३ होऊन पिळला गेलेला आहे. मूळ कॅप्चरमधून थेट ४४.१ ला या. भजनं एकातून दुसऱ्यात सलग जातात, मृदंग मध्ये थांबत नाही, त्यामुळे ट्रॅकच्या सांध्यावर बारीकशी 'टिक' यायची. सीडीचा सेक्टर सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग, म्हणजे ५८८ नमुने. तुकडा त्या पटीत कापला नाही तर शेवटचा सेक्टर शांततेने भरला जातो आणि तीच टिक ऐकू येते. म्हणून आता वेव्ह एकच सलग ठेवते, ट्रॅकच्या खुणा क्यू शीटमध्ये (कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो त्याच्या यादीत) देते आणि डिस्क ॲट वन्स, म्हणजे न थांबता एका दमात लिहायच्या पद्धतीने बर्न करते.

डिस्कबद्दल एवढंच: चाळीतल्या जुन्या प्लेयरांना डीव्हीडी-आर जास्त मानवतं. डीव्हीडी प्लस आर असेल आणि ड्राइव्ह परवानगी देत असेल तर बुकटाइप (डिस्क कोणत्या प्रकारची हे प्लेयरला सांगणारी खूण) डीव्हीडी-रॉम करा. डिस्क काठोकाठ भरू नका, बाहेरच्या कडेलाच प्लेयर अडखळतात. गणपतीचा फोटो असलेलं स्टिकर कितीही मोह झाला तरी चिकटवू नका. मार्करने वर्ष लिहिलं की झालं.

आजोबांना नवी डिस्क दिली. टाळ जुळले. आता त्यांची तक्रार आहे की त्या वर्षी पखवाज जरा चढा लागला होता. त्यावर माझ्याकडे फिल्टर नाही.

उरलेल्या टेपांपैकी काहींच्या कडेला पांढरी बुरशी दिसतेय. पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या टेपांचं आपल्याकडे हे ठरलेलंच. त्या व्हीसीआरमध्ये घालणार नाही, एकीची बुरशी हेडवरून दुसरीवर जाते. सध्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात आहेत, ऑक्टोबरची कोरडी हवा सुरू झाली की साफ करायला घेईन. कोणाकडे मोडका पण टेप फिरवणारा व्हीसीआर पडून असेल, नुसत्या साफसफाईसाठी वाहून टाकता येईल असा, तर कळवा. ग्रँट रोड ते दादर कुठेही येऊन घेऊन जाईन.