परसातली विटांची ओळ

मी घरांचे नकाशे काढते. जुनं पाडून नवं बांधायचं असेल तर पहिलं काम म्हणजे आहे ते घर नीट मोजून कागदावर उतरवणं. लेझर मीटर, टेप, क्लिपबोर्ड आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक ज्युनिअर एवढं असलं की साध्या बैठ्या घराला अर्धा दिवस पुरतो. पण डिसेंबरातली ही साइट मात्र पूर्ण दिवस घेऊन गेली आणि त्या दिवसानंतर माझी कामाची पद्धतच बदलली, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

घर बैठं, कौलारू, दक्षिणेकडे तोंड. पुढे पडवी आणि थोडं अंगण, मागे उत्तरेला ८ मीटर खोल परस. घरात काकू, त्यांचा मुलगा आणि सून. मुलाने फोनवर फोटो दाखवला, हल्ली सगळे दाखवतात तसाच, चौकोनी खोक्यासारखं दुमजली घर, सपाट दर्शनी भिंत, काळपट राखाडी रंग, पश्चिमेला मोठ्ठी काच, वर गच्चीवर हिरवळ. "ताई, आम्हाला असंच मॉडर्न पाहिजे, आणि मागचं सगळं मोकळं करून पेव्हर ब्लॉक टाकू, आईची भाजी वर गच्चीवर नेऊ." काकू तिथेच उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत.

मी आतल्या खोल्या मोजल्या, मग छपराचा उतार घेतला, तो ३० अंशांच्या आतबाहेर होता, आणि मग मागे आले. मागच्या पागोळीची, म्हणजे छपराच्या खालच्या कडेची, उंची जमिनीपासून २.७ मीटर. परस मोजायला लागले तर मधेच जमिनीत विटांची एक ओळ, उभ्या पुरलेल्या, अर्ध्या मातीत अर्ध्या वर, घराला समांतर अशी या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओळीच्या पलीकडे मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, सगळं कसं तरारलेलं. अलीकडे, म्हणजे घराच्या बाजूला, नुसती मोकळी माती, पालापाचोळ्याचा ढीग आणि कोपऱ्यात अळू. मला वाटलं जुना काहीतरी पाया असेल, नकाशात दाखवायला पाहिजे, म्हणून काकूंना विचारलं.

"पाया कसला गं, ती सावलीची हद्द आहे," काकू म्हणाल्या. "थंडीत घराची सावली भरदुपारी तिथपर्यंत येते, त्याच्या अलीकडे मेथी पेरली तर नुसती उंच उंच वाढते, पिवळट, पानं बारीक. दोन-तीन हिवाळे बी वाया गेलं तेव्हा विटा आणून लावल्या."

मी पागोळीच्या रेषेपासून विटांपर्यंत मोजलं. अडीच मीटर. मग तिथेच क्लिपबोर्डवर गणित केलं, कारण मला राहवेना. साइट साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर. २१-२२ डिसेंबरला सूर्य विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश दक्षिणेला असतो, म्हणजे भरदुपारी तो आपल्याला दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर दिसतो. त्या कोनात २.७ मीटर उंचीच्या पागोळीची सावली जवळजवळ अडीच मीटरच पडते. आणि छपराचा उतार ३० अंशांचा, सूर्याच्या कोनापेक्षा कमी, म्हणजे आढं, छपराचा सगळ्यात वरचा भाग, कितीही उंच दिसलं तरी त्याची सावली पागोळीच्या सावलीच्या पुढे जातच नाही. काकूंनी मेथीकडे बघून जी रेष आखली होती तीच मला त्रिकोणमितीतून मिळाली. ज्युनिअरला म्हटलं ही ओळ नकाशात घे, नुसती लाइन नको, 'हिवाळी सावलीची मर्यादा' असं नाव लिही.

बाराला थोडा वेळ होता, म्हणून आम्ही थांबलो आणि काकूंनी वर्षभराचं सगळं सांगायला सुरुवात केली. ते ऐकताना माझ्या लक्षात येत गेलं की त्यांची बाग एका जागी नसतेच, ती घराभोवती फिरते! थंडीत पालेभाज्या आणि मुळा-गाजर मागे विटांच्या पलीकडे, पण टोमॅटो, वांगी, मिरची पुढच्या अंगणात, कारण फळभाज्यांना रोज सहा ते आठ तास ऊन लागतं आणि थंडीत ते दक्षिणेला हमखास मिळतं. पालेभाजी तीन-चार तासांवरही भागवते. उन्हाळा लागला की उलटं होतं. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो त्यामुळे साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर तो चांगलाच उत्तरेकडून येतो. म्हणजे जी मागची भिंत थंडीत ऊन बघत नाही तीच मे महिन्यात तापते. तेव्हा काकू घर आणि विटा यांच्यामधल्या त्याच रिकाम्या पट्ट्यात मांडव घालतात, त्यावर दोडका, कारली, घोसाळी चढवतात आणि पावसाळाभर ते वेल घराची उत्तर भिंतही झाकतात. मांडवाखाली विरळ सावलीत थोडी कोथिंबीर. "उन्हात टाकली की लगेच फुलावर येते, पानं हाताला लागतच नाहीत." बरोबरच आहे, कोथिंबीर उष्णता वाढली की पानं सोडून फुलाकडे वळते. टोमॅटोचंही तसंच, रात्री गार झाल्या नाहीत तर फुलं येतात आणि गळतात, फळ धरत नाही. लोक खत वाढवत बसतात, खरं कारण हवेत असतं.

एक गोष्ट मला त्यांच्याकडून नव्याने कळली. मी म्हटलं गच्चीवर दोडका लावणाऱ्यांच्या फार तक्रारी असतात, फुलं भरपूर पण दोडकी नाहीत. त्या लगेच म्हणाल्या, "अगं दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, घोसाळ्याचं पहाटे. सकाळी उठून दोडक्याच्या फुलात परागकण फिरवत बसशील तर काय मिळणार?" दुधीही संध्याकाळचाच. मी आधी कधी लक्ष दिलं नव्हतं, मग घरी माझ्याच वेलावर बघितलं, तंतोतंत खरं. मधमाश्या वर फारशा येत नसतील तर दोडक्याचं नर फूल तोडून मादी फुलाला संध्याकाळीच लावायचं. मादी फूल ओळखायला सोपं, देठाशी बोटभर इवलासा दोडका असतो, खालून वर बघितलं की चटकन दिसतो.

एव्हाना मुलगाही येऊन उभा होता. बारा वाजून गेले आणि सावलीची कड विटांना टेकली, अगदी विटेच्या अलीकडच्या कडेवर. मी त्याला म्हटलं आता तुमच्या फोटोतलं घर इथे ठेवून बघू. दोन मजले सहा मीटर, वर कठडा एक मीटर, सात मीटर सरळ उभी भिंत. दुपारी बाराची सावली ६.४ मीटर. मी टेप तेवढी पुढे नेली आणि ज्युनिअरला तिथे उभं केलं. मेथी, पालक, गाजर सगळं मागे राहिलं, पलीकडच्या कुंपणाच्या भिंतीपर्यंत जेमतेम दीड मीटर माती उरली. आणि हे बाराचं झालं. सकाळी नऊला सूर्य आणखी खाली असतो, तेव्हा तीच सावली साडेआठ मीटरवर जाते, म्हणजे ८ मीटरचा अख्खा परस काळोखात. मुलगा बराच वेळ टेपकडे बघत होता. मग म्हणाला, "पण गच्ची आहे ना वर, तिथे ऊनच ऊन."

गच्चीबद्दल मी नेहमी स्पष्ट बोलते कारण इथे चूक झाली तर ती स्लॅबवर निघते. ओल्या मातीचं वजन घनमीटरला १८०० किलोच्या घरात जातं. एक फूट जाडीचा वाफा केला की दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर भार आला, आणि राहत्या घराची वापरातली सपाट गच्ची साधारण दीडशे किलो वापराच्या भारावर डिझाइन करतात. म्हणून आधी घर बांधायचं आणि नंतर वर माती चढवायची हे करूच नये. वाफे पाहिजेत तर ते पहिल्याच दिवशी स्ट्रक्चरल इंजिनियरला सांगायचे, शक्यतो बीमच्या वर घ्यायचे, मातीत कोकोपीट आणि कंपोस्ट मिसळून ती हलकी करायची, वॉटरप्रूफिंगच्या वर मुळं अडवणारा थर टाकायचा आणि वाफा स्लॅबला न टेकवता खालून पाणी वाहील एवढी फट सोडायची. हे सगळं करता येतं, छान होतं, मी केलेलंही आहे. पण मेच्या दुपारी गच्चीवर जे ऊन आणि वारा असतो त्यात पालेभाजी टिकवायला शेडनेट लागते आणि रोज दोनदा पाणी. काकूंना जिना चढायला गुडघे साथ देत नव्हते हेही मी बोलले, कारण ते कुणीच बोलत नव्हतं.

मग ओसरीवर बसून आम्ही घराचा उभा छेद काढला, म्हणजे घर वरून खाली कापलं तर बाजूने कसं दिसेल ते चित्र. प्लॅन नाही, आधी छेद! विटांची ओळ जिथे आहे तिथेच ठेवायची हा पहिला नियम. दुमजली भाग पुढे दक्षिणेकडे सरकवला, मागचा ४ मीटरचा भाग बैठा ठेवला, त्यावर उतरतं कौलारू छप्पर, पागोळी पुन्हा २.७ मीटरवर. सात मीटरच्या भिंतीची बाराची सावली ६.४ मीटर, त्यातले ४ मीटर बैठ्या भागाच्या छपरावरच पडतात, उरले २.४. म्हणजे विटांच्या आतच. सकाळी ती सावली वाफ्यांवर येते, नऊला अंदाजे साडेचार मीटरपर्यंत, पण दुपारकडे आत सरकते आणि पालेभाजीला पुरेल एवढं ऊन मिळतं. मुलाला पाहिजे होता तो सपाट, सरळ रेषांचा चेहरा रस्त्याकडून तसाच मिळाला, मागून घर जुन्या घरासारखं दिसेल. मला ही दोन शैलींची खिचडी वाटली नाही, उलट प्रत्येक बाजूला त्या बाजूच्या सूर्याप्रमाणे चेहरा असावा हेच मला पटतं.

पश्चिमेच्या काचेवर मात्र मी अडून बसले. दक्षिणेचा सूर्य उंच असतो, छज्ज्याने अडतो. पश्चिमेचा संध्याकाळी इतका खाली येतो की कितीही छज्जा काढा, तो खालून आत शिरतोच. आणि गडद रंगाची भिंत दिवसभर उष्णता पिऊन रात्री सोडत बसते, तिच्या लगतच्या कुंड्या पहिल्या सुकतात. सून म्हणाली मग तिथे काच लहान करून बाहेरून वेल चढवू, तिला ते फोटोपेक्षा आवडलं असावं कारण कोणते वेल, जाळी भिंतीपासून किती लांब, असे प्रश्न तिनेच काढले. मी सांगितलं की जाळी भिंतीपासून निदान वीतभर तरी लांब ठेव, मधून हवा खेळली पाहिजे आणि ओल भिंतीला लागता कामा नये.

निघताना काकूंनी एकच विचारलं, "बांधकाम चालू असताना माझ्या मातीचं काय?" हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. बांधकामात परसावर वाळू-खडीचे ढीग पडतात, सिमेंटचं पाणी मुरतं, त्याने माती अल्कधर्मी होते, वर गाड्या फिरून ती दगडासारखी दबते. वर्षानुवर्षं शेणखत आणि पाला घालून कमावलेला वरचा वीत-दीड वीत थर तिथेच संपतो, आणि नवीन घरात राहायला आलेले लोक म्हणतात इथे काही उगवतच नाही. म्हणून कंत्राटदाराच्या कामाच्या यादीत मी पहिली ओळ घातली ती ही, की तोडकाम सुरू व्हायच्या आधी परसातली वरची २० सेंटिमीटर माती काढून कुंपणाच्या कडेला ढीग करायचा, ढीग मीटरभरापेक्षा उंच नको, वरून पाला झाकायचा, आणि विटांच्या पलीकडे मिक्सर लावायचा नाही. कंत्राटदाराने कुरकुर केली, जागा अडते म्हणाला. मुलानेच त्याला सांगितलं की जागा अडू दे, माती आधी.

आता कुठल्याही घराला गेले की खोल्या किती पाहिजेत याच्या आधी मी विचारते, थंडीत काय लावता, कुठे लावता, आणि कुठे लावून बघितलं पण आलं नाही. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस देतं, आणि त्यातून सावली, निचरा, वारा यांची जी माहिती मिळते ती लेझर मीटरवर दिसत नाही.