कंबर आणि झोप

आज सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या क्लिनिकमध्ये मोहोळकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार आले होते. कमरेचं जुनं दुखणं. वर्षानुवर्षं पाठीवर जड पिट्टू घेऊन डोंगर चढलेली, गाडीच्या फळीवर हादरे खाल्लेली पाठ ती. मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू हाताला दगडासारखे लागत होते.

"झोप लागते का काका?" विचारलं तर म्हणाले, "झोपेचं काय एवढं, मॅडम!" मग काकूच बोलल्या. रात्री दोन-तीनला उठून अंगणात येरझाऱ्या घालतात, लग्नकार्याला जात नाहीत, नातवानं फुगा फोडला तरी अंगावर धावून जातात. हे चाललेलं असताना काका भिंतीकडे बघत होते.

जुनाट दुखणं आणि उदासी एकमेकांना वाढवतात. वेदनेनं झोप मोडते, झोप मोडली की वेदना जास्त जाणवते, हालचाल कमी होते, माणूस एकटा पडतो. नुसत्या गोळ्या आणि पट्ट्यानं हे भागत नाही. (महिनोन्‌महिने पट्टा बांधून ठेवणं तर मला मुळीच पटत नाही.)

व्यायाम दाखवले, रोज चालायला सांगितलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही दिला. सैन्यदलांसाठी पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) डिसेंबर २०२३ मध्ये टेलिमानसचा खास कक्षही सुरू झालाय, हे सांगितलं.

"फौजी माणसाला हे शोभत नाही," काका पुटपुटले. गुडघ्याला मार लागल्यावर एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जात होतातच ना, तसंच हे, म्हटलं. त्यावर काही बोलले नाहीत, पण नंबर काकूंनी लिहून घेतला. पुढच्या आठवड्यात दोघांनाही बोलावलंय.