दोन कलांच्या मधली जागा

कराटेचा ब्लॅक बेल्ट कमरेला आला आणि एक प्रश्न माझी पाठ सोडेना. समोरच्याने माझी कमर किंवा पाय धरलाच, तर पुढे काय? आमच्या वर्गात पकड झाली की ‘यामे’, म्हणजे ‘थांबा’, ऐकू यायचं, आम्ही सुटे व्हायचो आणि पुन्हा आपापल्या जागेवर. स्पर्धेच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण वर्षानुवर्षं तेच केलं की अंगात पक्कं बसतं: पकड झाली, लढत थांबली.

पुढे इतर कला शिकत गेले तसं लक्षात आलं, की हे प्रत्येक ठिकाणी होतं. नियमात जे बसत नाही, ते शरीर विसरून जातं. क्योकुशिन या कराटेच्या शैलीच्या स्पर्धेत चेहऱ्यावर ठोसा मारता येत नाही. तिथली माणसं पोटावर आणि मांडीवर जे सोसतात ते बघून थक्क व्हायला होतं, पण हात छातीच्या उंचीवरच राहतात. ज्युदोत २०१० मध्ये थेट पाय धरण्यावर निर्बंध आले आणि २०१३ मध्ये ते आणखी कडक झाले. त्यामुळे आजचा ज्युदोका ताठ उभा राहू शकतो. कुस्तीगिरासमोर तसं उभं राहिलं, तर पट, म्हणजे पाय धरून पाडण्याचा डाव, निघालाच म्हणून समजा.

सुरुवात मी बॉक्सिंगपासून केली. कराटेत एक हात ठोसा मारायला जातो तेव्हा दुसरा कमरेपाशी खेचला जातो. बॉक्सिंगमध्ये तोच हात गालाला चिकटलेला लागतो. डोक्याला हे मिनिटभरात कळतं, हाताला कळायला महिने जातात. सर पॅड धरायचे आणि जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून माझा हात जराही खालच्या वाटेने परत आला, की त्याच पॅडची टपली गालावर बसायची. लागायची नाही, पण कधी चुकायचीही नाही. हळूहळू हात ज्या रेषेत जायचा त्याच रेषेत परत येऊ लागला. कराटेने मला झटकन आत शिरून, एक ठोसा मारून बाहेर पडायला शिकवलं होतं. बॉक्सिंगने आतच थांबायला शिकवलं: डोकं हलवत राहायचं, समोरून येणारे ठोसे डोळे न मिटता बघायचे आणि लगेच उत्तर द्यायचं.

कराटे मात्र वाया गेलं नाही, हे आवर्जून सांगते, कारण नव्या कलेच्या भरात लोक जुनी मोडीत काढतात. अंतर ओळखणं आणि समोरच्याचा पाय उचलला जायच्या आत त्याचा इरादा वाचणं, हे मला कराटेनेच दिलं. शोटोकान या कराटेच्या शैलीत वाढलेला ल्योटो माचिडा २००९ मध्ये यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट स्पर्धेचा लाइट हेवीवेट विजेता झाला, तो याच अंतराच्या जोरावर. जॉर्ज सेंट-पिएरची सुरुवातही क्योकुशिनमधली. आत शिरण्याचा तो वेग त्याने पुढे टेकडाउनसाठी, म्हणजे समोरच्याला जमिनीवर पाडण्यासाठी, वापरला.

मग ज्युदो. पहिले कित्येक वर्ग फक्त पडणं. हनुवटी छातीकडे, डोकं मॅटला लागू द्यायचं नाही, हात सपाट आपटायचा, श्वास सोडायचा. पडण्याची ही कला, उकेमी, कंटाळवाणी वाटते खरी, पण माझ्या मते कुठल्याही मार्शल आर्टमध्ये शिकण्यासारखी सर्वात मोलाची गोष्ट तीच आहे. पडायची भीती गेली की सगळं अंग सैल होतं, आणि अंग सैल झालं की समोरच्याचा तोल हातांतून जाणवायला लागतो. हा तोल बिघडवण्याला कुझुशी म्हणतात. जाकिटाची कॉलर आणि बाही धरून उभं राहायचं. समोरचा मागे सरकताना त्याचं वजन टाचांवर येतं, तो क्षण बोटांना कळतो. नेमका तिथे डाव टाकला की भारी माणूसही हलका लागतो, उशीर झाला की भिंत ढकलल्यासारखं होतं.

जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. तेन्शिन शिन्यो-र्यू आणि कितो-र्यू या जुजुत्सू नावाच्या जुन्या जपानी कलेच्या दोन वेगळ्या शाखा ते शिकले होते, आणि ज्युदो त्यातून उभा राहिला. घातक डाव त्यांनी कातात, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या सरावात, ठेवले आणि बाकीचे पूर्ण ताकदीनिशी, विरोध करणाऱ्या जोडीदारावर करण्याची पद्धत, म्हणजे रांदोरी, सरावाच्या केंद्रस्थानी आणली. आज ज्याला आपण ‘शुद्ध’ कला म्हणतो तीही कधीतरी मिसळूनच झाली होती, हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला.

ब्राझिलियन जिउ-जित्सू आलं ते सगळ्यात शेवटी. १२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरमध्ये पहिल्या यूएफसीत याच कलेच्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तीन लढती जिंकल्या, आणि जमिनीवरची कला न येणाऱ्याचं काय होतं ते जगाने पाहिलं. माझ्यासाठी जमिनीवरचा पहिला धडा श्वासाचा होता. वरचा माणूस छातीवर वजन टाकतो तेव्हा हात लांब करून त्याला ढकलावंसं वाटतं, आणि तोच लांब हात आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलटं ताणणाऱ्या पकडीत, जातो. कोपरं बरगड्यांना चिकटवायची, कुशीवर व्हायचं, पाय रोवून कंबर बाहेर काढायची, गुडघा मध्ये घालायचा. एवढीशी हालचाल, पण तिच्यावर बाकी सगळं उभं आहे. मी अजूनही प्रत्येक वर्गाआधी मॅटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती करत जाते.

इथपर्यंत आलं की माणसाला वाटतं, मारता येतं, पाडता येतं, जमिनीवर सांभाळता येतं, म्हणजे झालं. मला खरं शिकायला मिळालं ते यानंतर, सगळे नियम एकत्र आले तेव्हा. कारण एका कलेतला उत्तम बचाव दुसऱ्या कलेत आमंत्रण ठरतो. बॉक्सिंगमध्ये ठोसा चुकवायला खाली वाकतात. मुए थाई, म्हणजे गुडघे-कोपरंही चालणारं थाई बॉक्सिंग, खेळणाऱ्यासमोर वाकलं की गुडघा तोंडावर येतो. मुए थाईमध्ये मान धरून ताठ उभं राहायचं. पण दोन्ही हात वर गेले की कंबर उघडी पडते आणि दुहेरी पट निघतो. ज्युदोत पाठ वळवून टाकायची फेक फसली, तर पाठ समोरच्याच्या हातात जाते. जिउ-जित्सूत गार्डमध्ये, म्हणजे वरच्याला पायांमध्ये धरून, पाठीवर निवांत राहता येतं, पण वरच्याला ठोसे मारायची मुभा असली की तो निवांतपणा संपतो. त्याचं डोकं खाली ओढून त्याची मनगटं ताब्यात घ्यावी लागतात.

पायांचाही झगडा आहे. उजव्या हाताचा बॉक्सर डावा पाय पुढे ठेवतो, तर उजव्या हाताचे बरेच कुस्तीगीर उजवा. कराटेची लांब, आडवी उभं राहण्याची पद्धत आत-बाहेर करायला सुंदर, पण पुढच्या पायाच्या पोटरीवर किक खायला अगदी सोयीची. मी शेवटी बॉक्सिंगपेक्षा थोडं रुंद, ज्युदोपेक्षा थोडं वाकलेलं, असं माझं उभं राहणं ठरवलं. ते कुठल्याच पुस्तकात बसणार नाही, पण तिथून मला ठोसाही मारता येतो आणि कोणी पायात शिरला तर कंबर मागे टाकून स्प्रॉलही करता येतो.

या मधल्या जागेसाठी आम्ही सराव वेगळा बांधला. पूर्ण फेरी न खेळता दोन कलांमधला फक्त एक सांधा घ्यायचा. एकाने जॅब आणि मागच्या हाताचा क्रॉस मारायचे आणि दुसऱ्याचे हात वर गेले की पायांत शिरायचं. दुसऱ्याने ते अडवून उठता उठता एक ठोसा द्यायचा. तिथे थांबायचं आणि पुन्हा. वेग अर्ध्यावर, पण विरोध खरा. मार्क कोलमन आणि मॉरिस स्मिथ यांची १९९७ ची लढत मी तेव्हा बारकाईने पाहिली. कोलमन जबरदस्त कुस्तीगीर, स्मिथ किकबॉक्सर. स्मिथ कुस्तीगीर व्हायला गेला नाही. खाली टिकून राहायचं आणि उठायचं, एवढं तो शिकून आला, कोलमनला दमवलं आणि उभ्याने लढून निर्णयावर जिंकला. त्यावरून मी माझं उद्दिष्ट आखलं: प्रत्येक कलेत निदान इतकं यावं, की मला आवडणाऱ्या जागी परत येता आलं पाहिजे.

शरीराची काळजी हा भाग लोक घाईने उरकतात. सगळंच शिकायचं म्हणून सगळंच जोरात केलं तर गुडघे, खांदे, बोटं बोलायला लागतात. माझ्याकडे आठवड्यात जोराच्या स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, एकच दिवस असतो, तोही मोठ्या ग्लोव्हजमध्ये. बाकी दिवशी हलकं, तंत्रावर भर. मानेचे व्यायाम चुकवत नाही. आणि डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं, तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत स्पॅरिंग बंद. यावर मी कोणाशी वाद घालत नाही.

सध्या माझं काम भिंतीपाशी चालू आहे. पाठ भिंतीला लागली की समोरचा डोकं माझ्या हनुवटीखाली घुसवतो आणि एक हात काखेखालून घालतो. तो अंडरहुक परत मिळवायचा, की त्याचा हात वरून घट्ट आवळून कंबर वळवायची, हे अजून वजन आणि उंचीवर ठरतं. माझ्यापेक्षा उंच जोडीदारासमोर दुसरा मार्ग चालतो. ते सुटलं की पायाच्या लॉककडे वळायचं आहे. हील हूकमध्ये टाच पिळली जाते पण फाटतात गुडघ्याचे लिगामेंट, आणि दुखायच्या आधीच इजा होऊन बसते. म्हणून आमच्या गटात आधीच ठरलंय: पकड नीट बसली की दुखण्याची वाट न बघता टॅप, म्हणजे थाप मारून हार मानायची, आणि धरणाऱ्याने त्या क्षणी सोडायचं.