बीपीच्या गोळीमुळे आतड्याला सूज: माझा अनुभव

दुखणं बेंबीभोवती सुरू व्हायचं. आधी मुरडा, मग उलट्या, जुलाब आणि पोट टम्म. दोन-तीन दिवसांत सगळं आपोआप शांत व्हायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. कधी ॲसिडिटी म्हणून गोळ्या मिळाल्या, कधी जंताचं औषध. सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड दिसली, तेव्हा तर टीबीची औषधं सुरू करायची बोलणी झाली.

शेवटी एका रात्री ॲडमिटच व्हावं लागलं. सीटी स्कॅनमध्ये लहान आतड्याचा मोठा भाग सुजलेला होता, पोटात पाणीही होतं. पोट उघडून बघू, असं ठरत होतं. तेवढ्यात फिजिशियन मॅडम आल्या. "काकू, रोजच्या गोळ्या दाखवा बरं." पिशवीतली रामिप्रिल या माझ्या बीपीच्या गोळीची पट्टी हातात घेऊन त्या थांबल्याच. "ही किती वर्षं घेताय?"

माझ्या प्रत्येक केसपेपरवर 'बीपी, औषध चालू' एवढंच लिहिलेलं होतं. कोणतं औषध, हे कुणी विचारलंच नव्हतं. याचा मला आजही राग येतो.

मॅडमनी नीट समजावलं. रामिप्रिल ज्या 'एसीई इनहिबिटर' गटातली आहे, त्या गोळ्यांमुळे शरीरात ब्रॅडीकायनिन नावाचं रसायन साठतं, काहींच्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि सूज येते. अशा बहुतेकांना ती ओठांवर, जिभेवर येते, क्वचित कुणाच्या आतड्याला. गोळी वर्षानुवर्षं सोसल्यावरही हे होऊ शकतं आणि बायकांमध्ये जास्त दिसतं. मधुमेहासाठी मी व्हिल्डाग्लिप्टिन घेत होते, त्या जोडीने धोका आणखी वाढतो.

रामिप्रिल बंद केली, सलाईन लावलं आणि वाट पाहिली. दोन दिवसांत पोट मऊ पडलं. अशीच सूज आणणारा आनुवंशिक आजार नाही ना, यासाठी सी-४ ही रक्ततपासणी केली, ती नॉर्मल आली. ऑपरेशन टळलं. आता बीपीसाठी ॲमलोडिपिन ही वेगळ्या गटातली गोळी चालू आहे. संध्याकाळी घोटे थोडे सुजतात, पण पोटाचा त्रास पुन्हा झालेला नाही.

हे वाचून कुणी आपली गोळी परस्पर बंद करू नका, बीपी एकदम चढेल. पण पोट वारंवार असं दुखत असेल, तर पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि "हिच्यामुळे असेल का?" असं स्पष्ट विचारा. माझ्या फाइलवर आता लाल शाईत रामिप्रिलच्या गटातल्या गोळ्यांची नावं लिहिलीयत: रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल देऊ नये. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णालाही करता येते, त्यासाठी १८००-१८०-३०२४ ही सरकारी हेल्पलाइन आहे. मी केली.