घर एका दिवसात सजवायचं नाही

आगमनकाळाचा पहिला रविवार, रात्री

आज पहिली मेणबत्ती लावली. नाताळच्या आधीच्या चार रविवारी एकेक वाढवत न्यायची. टेबलावर हिरव्या डहाळ्यांचं कडं, त्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती, आणि पेटलेली एकच. एवढं सोडलं तर घरात नाताळची दुसरी कुठलीही खूण नाही. धाकटीला हे पटत नाही. मैत्रिणींकडे झाडं उभी राहिली, तारे लागले, आपल्याकडेच सगळं पेटीत का, असं ती जेवताना विचारत होती. "अजून किती दिवस, आई?" हे तर रोजचंच.

तिला मी हॅम्बुर्गच्या विखर्नची गोष्ट सांगितली. योहान हिनरिख विखर्न हा पाद्री निराधार मुलांसाठी एक आश्रम चालवत होता. मुलं त्याला डिसेंबरभर हेच विचारायची, नाताळ कधी, अजून किती दिवस. १८३९ मध्ये त्याने एक मोठं लाकडी चाक टांगलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या, रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी छोट्या लाल. रोज एक पेटवायची. मुलांना उरलेले दिवस डोळ्यांनी दिसू लागले. आपल्या टेबलावरचं कडं त्याच चाकाचं लहान रूप आहे. तिने लगेच विचारलं, मग आपल्याकडे रोजच्या लाल मेणबत्त्या का नाहीत? प्रश्न रास्त आहे. पुढच्या वर्षी कडं मोठं करावं म्हणते.

मी इतकी अडून का बसते, ते इथे एकदा लिहून ठेवते. आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ आहे. डिसेंबर लागताच घर संपूर्ण सजवून टाकलं की आठवड्याभरात डोळे त्याला सरावतात, आणि खरा सण येतो तेव्हा त्याच्यासाठी नवं काहीच शिल्लक नसतं. दर रविवारी एक ज्योत वाढावी, मग तारा लागावा, मग झाड, मग येशूच्या जन्माचा गोठा, आणि त्यातलं बाळ सगळ्यांत शेवटी. घराने आमच्याबरोबर वाट पाहावी, एवढंच मला हवं असतं.

बुधवार

तारा लावला. कागदाचाच, टोकदार, आत एक दिवा. बाजारात प्लास्टिकचे कितीतरी चकचकीत तारे मिळतात, पण कागदातून गाळून येणारा उजेड मला अधिक जवळचा वाटतो. मोरावियन ख्रिस्ती लोकांचा अनेक टोकांचा तारा जर्मनीत निस्कीच्या शाळेत एकोणिसाव्या शतकात तयार झाला, आणि तो मुळात भूमिती शिकवण्यासाठी होता, हे मला फार आवडतं. मुलांनी कोन मोजत, कागद दुमडत केलेली वस्तू पुढे घराघरांच्या खिडक्यांत जाऊन बसली. थोरला यंदा तशी टोकं कापून बघतोय. खाली जमिनीवर कागदाचे तुकडे पडलेत, ते मी उद्यापर्यंत उचलणार नाही.

शनिवार

आज दिव्यांच्या माळांवरून नेहमीचा वाद झाला. नवऱ्याला रंगीत आणि लुकलुकणारे दिवे हवेत, मला पिवळसर आणि स्थिर. तो म्हणतो, लुकलुकले नाहीत तर सण कसला? माझं म्हणणं असं की लुकलुकणाऱ्या दिव्यासमोर कुणी शांत बसू शकत नाही. डोळा सारखा पुढच्या क्षणाकडे ओढला जातो. स्थिर उजेडात झाडाखाली बसून बोलता येतं, वाचता येतं, प्रार्थना करता येते.

इतिहास मात्र त्याच्या बाजूचा आहे, हे मान्य करायला हवं. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरात पहिल्यांदा विजेच्या दिव्यांनी झाड सजवलं. लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे, आणि झाड स्वतःभोवती फिरत होतं, तसतसे दिवे उजळत आणि विझत होते. म्हणजे पहिलंच झाड रंगीत आणि लुकलुकतं! त्याआधी फांद्यांवर खऱ्या मेणबत्त्या लावायचे आणि आगीच्या धास्तीने जवळ पाण्याची बादली ठेवायचे. ते वाचल्यापासून विजेच्या माळेबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे, रंग कुठलाही असो.

पांढऱ्या दिव्यांबद्दल मात्र मी तडजोड करत नाही. पांढरा एलईडी मुळात निळा प्रकाश देतो, त्यावरच्या फॉस्फर या चमकणाऱ्या पदार्थाच्या थरामुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. तो थर कसा आहे त्यावर उजेड थंड की उबदार हे ठरतं. खोक्यावर २७०० केल्विन (हे उजेडाच्या छटेचं माप) लिहिलं असेल तर तो मेणबत्तीच्या बाजूचा पिवळसर उजेड, ६००० च्या पुढे गेलं की निळसर. निळसर माळ लावली की खोली ऑफिससारखी दिसते आणि माणसांचे चेहरे आजारी. हे मी दुकानात खोकं उलटून वाचल्याशिवाय घेत नाही, आणि दुकानदाराला माळ पेटवून दाखवायला लावते.

शेवटी असं ठरलं की बाहेर गॅलरीत त्याचे रंग, आत माझा पिवळा. खरं म्हणजे बाहेरून घरी परतताना त्याचे रंग लांबून दिसले की मलाही बरं वाटतं.

दुसरा रविवार

दोन मेणबत्त्या. संध्याकाळी पेटी काढली.

झाड कसं सजवावं याबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती मुलांनाही आता पाठ झालीत. आधी दिवे, आणि तेही खोडापासून सुरू करून फांदीच्या टोकाकडे नेत पुन्हा आत आणायचे. नुसती बाहेरून माळ गुंडाळली की झाड पोकळ दिसतं. आतून उजेड आला की त्याला खोली येते. मग जड गोळे खोडाजवळ, हलके टोकाला. सगळ्यांत मोठे खाली. काचेचा गोळा टोपीला धरायचा नाही, गोळ्यालाच तळव्यावर घ्यायचा, कारण टोपी निसटते.

एका रंगाचं झाड मला आवडत नाही. नुसतं चंदेरी आणि निळं, किंवा सगळं सोनेरी, अशी झाडं सुंदर दिसतात, पण ती कुणाची आहेत ते कळत नाही. आमच्या झाडावर काहीच एकमेकांशी जुळत नाही. सासूबाईंच्या लग्नाआधीचा एक काचेचा पक्षी आहे, त्याची शेपटी उडालीय. थोरल्याने बालवाडीत केलेला कापसाचा देवदूत आहे, पंख एकीकडे झुकलेले. धाकटीच्या पुठ्ठ्याच्या चांदण्या. पेटीतून एकेक वस्तू निघते, तसं प्रत्येकीबद्दल कुणीतरी काही बोलतं, आणि माझ्या लेखी झाड सजवणं म्हणजे हे बोलणंच. त्याला अख्खी संध्याकाळ लागते आणि लागू द्यावी.

१६०५ च्या सुमाराला स्ट्रासबुर्गमधल्या घरांतली झाडं कशी सजवत याचं वर्णन शिल्लक आहे. रंगीत कागदाची गुलाबं, सफरचंदं, पातळ पापडीसारख्या वड्या, सोनेरी वर्ख. म्हणजे कागद आणि घरातलीच वस्तू. काचेचे गोळे पुष्कळ नंतरचे, थुरिंगियातल्या लाउशा गावच्या काच फुंकणाऱ्या कारागिरांचे. आणि १८४८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापून आलं, तेव्हापासून तर सगळ्यांनाच झाड हवंसं झालं. या सगळ्यात मुलांच्या हातचा कागदच सर्वांत जुना ठरतो, म्हणून धाकटीच्या चांदण्यांना मी पुढची फांदी देते.

सासूबाईंच्या पेटीत जुन्या चमकीच्या झिरमिळ्यांची एक गुंडाळी होती. हातात घेतली तर नेहमीपेक्षा जड. पूर्वी त्या शिशाच्या करत, म्हणूनच त्या सरळ आणि सुरेख लोंबायच्या. पण शिसं मुलांना घातक, अमेरिकेत १९७२ पासून तशा झिरमिळ्या बंद झाल्या. सासूबाईंना सांगितलं, "आई, या मुलांच्या हाती नकोत." त्यांनी एकदा डोळे भरून पाहिल्या आणि स्वतःच वेगळ्या पिशवीत बांधून ठेवल्या.

तिसरा रविवार

आज गुलाबी मेणबत्ती. हा आनंदाचा रविवार, अर्ध्याहून अधिक वाट सरली. आणि आज गोठा मांडला.

घरात एकच सजावट ठेवायला सांगितली तर मी झाड सोडीन, तारा सोडीन, गोठा सोडणार नाही. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात नाताळच्या रात्री गव्हाण मांडली, गवत पसरलं, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं. दूरच्या बेथलेहेमातला जन्म गावकऱ्यांना डोळ्यांसमोर दिसावा म्हणून. थंडी, गवताचा वास, जनावराचा श्वास, हे सगळं त्या रात्री तिथे होतं. मूर्ती मांडताना मी मुलांना हेच सांगते, की हा देखावा नाही, ही जागा आहे, आपण तिथे जायचं आहे. म्हणून आमच्या गोठ्याला दिव्यांची आरास नाही. आत एक लहान दिवा, खाली खरं वाळलेलं गवत.

गव्हाण रिकामी ठेवलीय. येशू बाळ २४ च्या मध्यरात्री, प्रार्थनेहून परतल्यावर, घरातलं सर्वांत लहान माणूस ठेवतं. मागी, म्हणजे ताऱ्यामागे पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोकही अजून गोठ्यात नाहीत. ते पुस्तकांच्या कपाटावर आहेत आणि धाकटी रोज त्यांना वीतभर पुढे सरकवते. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात ते गोठ्यात नाही, घरात येऊन बाळाला भेटतात, आणि किती जण होते हेही तिथे लिहिलेलं नाही. तीन हा आकडा तीन भेटवस्तूंमुळे रूढ झाला. थोरल्याला हे कळल्यापासून त्याला चौथा मागी बनवायचा आहे. बनवू दे.

सासूबाईंचं मत वेगळं. त्यांना बाळ आत्तापासूनच गोठ्यात हवं, रिकामी गव्हाण पाहून त्यांना गलबलून येतं. त्यांच्या मनाला ते लागतं हे मला समजतं, आणि तरीही मला ती रिकामी हवी आहे. आम्ही दोघी यावर बराच वेळ बोललो. मग ठरलं, की बाळाची मूर्ती तोवर त्यांच्या खोलीत, त्यांच्या उशाशी राहील, आणि २४ च्या रात्री त्याच ती धाकटीच्या हाती देतील.

आणखी एक गोष्ट आजच पक्की झाली. सजावट कधी उतरवायची? २६ तारखेलाच माळा गुंडाळणारी घरं पाहिली की मला वाईट वाटतं. सण तर तेव्हा सुरू झालेला असतो. ६ जानेवारीला, प्रभुप्रकटीकरणाच्या दिवशी, मागी पोहोचेपर्यंत आमच्याकडे काहीच हलत नाही, झाड त्यानंतर उतरतं. सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या माहेरी गोठा २ फेब्रुवारीपर्यंत, बाळाला मंदिरात नेल्याच्या सणापर्यंत असायचा. तो नाताळपासूनचा ४० वा दिवस. यंदा त्यांचं ऐकायचं ठरवलंय. कपाटाचा तो कोपरा तोवर रिकामा करावा लागेल, पुस्तकं दुसऱ्या खोलीत नेण्याचं काम उद्या थोरल्याला सांगते.